जाळी कधी धुवायची?

मोठेबा, आधी माफी मागतो. तुझ्यावर काही लिहावं एवढा मी कोणी नाही. आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजच्या वार्षिकांकात असे लेख येतात ते निवृत्त प्राचार्यांवर, नाहीतर इमारतीला देणगी देणाऱ्यांवर. तू आपल्या तलावाच्या पाळीपलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, कोणाला ठाऊक नव्हतास. मी विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच, त्यामुळे एखादा शब्द ऱ्हस्व की दीर्घ हे विचारायला घरात कोणी नाही. मराठीच्या सरांनी माझा पहिला कागद वाचला आणि म्हणाले, "लिहिलंस बरं, पण राग फार आहे. थोडे दिवस जाऊ दे, मग लिही." मी दीड महिना जाऊ दिला. राग गेला नाही.

दुसरी माफी मोठीआईची. तिने "लिवू नोको" असं स्पष्ट सांगितलं आहे. का सांगितलं ते शेवटी लिहितो, कारण मलाही ते शेवटीच कळलं.

सरांनी दोन ठिकाणी लाल शाईने 'तू'चं 'तुम्ही' केलं होतं. मी ते पुन्हा 'तू' केलं. तू बाबांचा थोरला भाऊ, मोठीआई माझी थोरली काकू. आईबाबा दर वर्षी मिरची तोडायला आंध्रात जायचे आणि मी तुझ्या घरी राहायचो. ते परत यायचे तरी मी तुझ्याच घरी असायचो. ज्याच्या ताटात जेवलो त्याला 'तुम्ही' कसं म्हणू?

इतर लोक अशा लेखात डोळे पुसतात. मला हिशेब चुकता करायचा आहे, एवढं खरं सांगून सुरुवात करतो.

आधी जाळीचं सांगतो, कारण वाचणाऱ्यांना ते ठाऊक नसेल. आपल्याकडे फेकायचं ते जाळं, आणि पाण्यात लावून ठेवायची ती जाळी. तू दिवस बुडता बुडता डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन जायचास आणि तलावाच्या मधोमध जाळी लावून यायचास. सकाळी काढायला जायचास तेव्हा मोठीआई पाळीवर उभी असायची आणि मी तिच्या बाजूला. तू तिकडूनच ओरडायचास, "जाळी भरली वो!"

हे दोन शब्द तू दोन तऱ्हांनी म्हणायचास. जाळी मासोळीने भरली असली की 'भरली' लांबवायचास, वर उचलायचास, पाण्यावरून तो शब्द उड्या मारत यायचा. शेवाळाने भरली असली की आवाज सपाट, घाईचा, जसं काही कोणाचा दोष सांगतो आहेस. पहिल्या आवाजाला मोठीआई टोपली उचलायची. दुसऱ्या आवाजाला बांबूची काठी, कारण मग जाळी वाळवून झोडपावी लागायची. तिने कधी चुकीची वस्तू उचलली नाही. मी नेहमी चुकायचो. टोपली घेऊन धावत गेलो आणि डोंग्यात हिरवा चिखल दिसला की तू पोट धरून हसायचास.

"काय गा प्रोफेसर, शेवाळाची भाजी खाशीन का आज?"

मी तेव्हा सातवीत होतो. तू मला सातवीपासून प्रोफेसर म्हणत होतास. अकरावीत खरंच विज्ञान घेतल्यावर मी तुझ्याशी वाद घालायला लागलो. मच्छीमार सोसायटीने तेव्हा नायलॉनचा धागा आणला होता. मी तुला सांगितलं की नायलॉन सडत नाही, त्यावर शेवाळ धरत नाही, ते आता आयुष्यभर चालतं. हे मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. बोलता बोलता मला ते खरं वाटायला लागलं होतं.

तू गाठ मारता मारता म्हणालास, "सुताची असो का नायलॉनची. पान्यात बसून राह्यली का धरतेच. पानी तिले आपली समजते."

"हे काही सायन्स नाई, मोठेबा."

"मंग तुह्या सायन्सले सांग, एक महिना पान्यात बसून पाह्य म्हना."

तो वाद आपण मिटवला नाही. मिटवला असता तर मीच हरलो असतो.

तुझ्या छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा तू जाळी झोडपत होतास. काठी हातातच राहिली आणि तू खाली बसलास. सावली तालुक्याच्या दवाखान्यातून चंद्रपूरला, तिथून नागपूरला. पिवळ्या रेशनकार्डावर सरकारी योजनेत तुझं काम बसलं, आणि पाचव्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले. मागे दोन शिकाऊ डॉक्टर, एक सिस्टर. त्यांनी कागदावर एक नळी काढली, तिच्यात चौकडी आखली आणि म्हणाले, "काका, इथे रक्ताची वाट अरुंद झाली होती. तिथे आम्ही जाळी बसवली आहे."

तू ताडकन उठून बसलास. पाच दिवसांत पहिल्यांदा त्या इमारतीत कोणी तुला कळणारा शब्द बोललं होतं.

"जाळी? कायची?"

"स्टीलची. अगदी बारीक."

"भोकं केवढी आहेत तिची?"

डॉक्टर हसले. "फार लहान."

"काढाची कधी?"

"काढायची नाही. ती आता आयुष्यभर आतच राहणार."

तू त्या चौकडीवर बोट ठेवलंस. मग तू तो प्रश्न विचारलास.

"मंग धुवाची कधी?"

डॉक्टर आधी हसले. मग शिकाऊ डॉक्टर, मग सिस्टर, मग बाजूच्या खाटेवरच्या माणसाचा जावई. "काका, ही मासे धरायची जाळी नाही! स्टेनलेस स्टील आहे. गंजत नाही, काही होत नाही. आता विसरून जा तिला."

"गंजाचं नाई म्हनत मी साहेब. शेवाळाचं म्हनून राह्यलो. रोज वाहत्या पान्यात राहीन ते, त तिच्यावर—"

पुढचं तुझं वाक्य हसण्यात बुडालं. मोठेबा, मीही हसलो होतो. मी आधी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं, ते हसत आहेत याची खात्री केली, आणि मग हसलो. मला त्यांच्या बाजूचा दिसायचं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि अंगावरच्या चादरीची कडा सरळ केलीस. पोट धरून हसणारा माणूस तू, पण त्या हसण्यात तू नव्हतास.

त्या खाटेभोवतीची सगळी तोंडं मला आजही पाठ आहेत. तू गेल्यावर कितीतरी दिवस मी त्यांना एकेक करून तलावात उभं केलं आहे, गळ्यापर्यंत पाण्यात, आणि जाळी कधी धुवायची ते विचारलं आहे. शिकाऊ डॉक्टरांपैकी एकाचा पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला होता. एवढंसुद्धा लक्षात आहे.

दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा हातात इंग्रजी कागद मिळाला. वाचणारा मी एकटाच. गोळ्या केव्हा घ्यायच्या ते मी तुला दोनदा समजावलं. सगळ्यात खाली एक ओळ होती, छातीत पुन्हा दुखल्यास ताबडतोब यावे. ती मी बसमध्ये तुला आपल्या भाषेत सांगितली. हसू अजून तोंडात होतंच, आणि तुलाही हसवायचं होतं.

"मोठेबा, जाळी भरली असं वाटलं त मले सांगजो. मी येतो धुवाले."

तू माझ्या पाठीत एक ठेवून दिलीस. "पक्कं?"

"पक्कं."

"अन् तुमच्या कॉलेजात पुस्तकं आहेत ना मोठी मोठी? त्यात पाह्यजो, कोनी धुते का म्हून."

मी हो म्हणालो. ग्रंथालय माझ्या वर्गाच्या वरच्या मजल्यावर आहे. सव्वीस पायऱ्या. मी त्या चढलो नाही.

पुढचे चार महिने चांगले गेले. तू तंबाखूचा खर्रा सोडलास. सोडलास म्हणजे काय, तर रिकाम्या तळहातावर अंगठा घासत बसायचास आणि मग तो रिकामा अंगठा ओठाखाली दाबायचास. मोठीआई तुला बिनतेलाचं, बिनमिठाचं करून घालायची. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो तेव्हाचं बोलणं आठवतं.

"हे भाजी आहे का गरम पानी?"

"गरम पानी," मोठीआई म्हणाली. "प्या."

डोंग्यात बसायला मनाई होती म्हणून सोसायटीने तुझं जाळी लावायचं काम दुसऱ्याला दिलं. तू पाळीवर बसून त्याला शिकवायचास, आणि तो स्वतःला हवी तिथेच जाळी लावायचा. तेवढ्या चार महिन्यांत तू जितकं बोललास तितकं बोलताना मी तुला कधी ऐकलं नव्हतं. मला म्हणालास, तलाव पाह्याचा असन त बाहेरून पाह्याचा, आतून नुसता पाय ओला होते. हे मी वहीत लिहून ठेवलं. कशासाठी लिहिलं ते सांगता येणार नाही, पण बरं झालं लिहिलं.

पाचव्या महिन्यात तुझं दुखणं परत सुरू झालं. चार पावलं चढ चढलास की छाती आवळून यायची. जिभेखाली गोळी ठेवली की थांबायची, मग पुन्हा. हे सगळं मला मागाहून कळलं. तू तालुक्याला गेलास, तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि गॅस आहे म्हणून गुलाबी औषधाची बाटली दिली. जाळी बसवली आहे ना, मग काळजी कशाची, असंही म्हणाले. तू ती बाटली पूर्ण प्यालास. रिकामी अजून कोनाड्यात आहे, मोठीआईने तिच्यात दिव्याचं तेल भरलं आहे.

तू गेल्याचा फोन होस्टेलच्या बाजूच्या पीसीओवर आला. सोसायटीचे सचिव बोलत होते. सकाळी जाळी काढायला गेलेल्यांना तू पाळीवर बसलेला दिसलास, पाठ झाडाला टेकलेली, पाय ओले. डोंगा काठाला होता. आदल्या दिवशी दिवस बुडताना तू स्वतः जाऊन जाळी लावून आला होतास, ती पाण्यातच होती.

पाच महिने डोंग्याला हात न लावलेला माणूस त्याच दिवशी का गेला? गावाला उत्तर सापडायला वेळ लागला नाही. तेरवीच्या पंगतीत सोसायटीचे अध्यक्ष पानावर बसल्या बसल्या मोठ्याने म्हणाले, "हृदयात जाळी अन् मानूस डोंग्यात! घरच्या बाईनं थांबवाले नाई पाह्यजे?" त्यांच्या बाजूचा म्हणाला, "खर्राही देत असन चोरून. नाई त स्टीलची जाळी अशी खराब होते का भाऊ?" मोठीआई तेव्हा वरण वाढत होती. अध्यक्षांच्या पानात तिने वरण वाढलं आणि पुढे गेली. तिच्या घरी, तुझ्या नावाचं जेवण जेवता जेवता ते तिला तुझी मारेकरी ठरवत होते, आणि ती त्यांना विचारत होती, "अजून घालू का?"

मी उठून उभा राहिलो. कॉलेजात मी कधी साधी शंकासुद्धा विचारलेली नाही. मी म्हणालो, "मोठेबाचं दुखून राह्यलं होतं हे ज्याले मालूम होतं, अन् मालूम असून जो बसून राह्यला, त्याले मी हुडकून काढीन. मी त्याले सोडनार नाई."

मोठीआईने भांडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तिला बरं वाटलं असेल.

मग मी सूड घ्यायला निघालो. हा शब्द मोठा वाटतो, पण तेव्हा माझ्या मनात दुसरा शब्द नव्हता.

आधी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, दहा जण छाती धरून येतात, नऊ जणांना गॅसच असतो." मी विचारलं, "अन् दहाव्याले काय सांगता?" त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मी बाहेर जाऊन रांगेतल्या सगळ्यांना तुझी गोष्ट सांगितली, मोठ्याने, दार उघडं असताना. दोन माणसं उठून निघून गेली. तेवढंच माझ्या हातात होतं.

मग सव्वीस पायऱ्या चढलो. ग्रंथालयात दोन दिवस बसलो. जाड इंग्रजी पुस्तकात तुझा प्रश्न होता, मोठेबा. अख्खा परिच्छेद होता. मी तो वहीत उतरवला आणि नागपूरची गाडी धरली.

सकाळी नऊपासून बसलो, दुपारी एकला नंबर लागला. मी तुझा सुट्टीचा कागद मोठ्या डॉक्टरांसमोर ठेवला. डॉक्टरांनी नाव वाचलं, आठवेना. "मासेवाले," मी म्हणालो. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"हां, हां! जाळी कधी धुवायची विचारणारे! अरे, मी ती गोष्ट किती जणांना सांगितली. कसे आहेत?"

"गेले."

त्यांचं हसू जायला थोडा वेळ लागला. मी तो वेळ डोळे भरून पाहिला. मग मी तोच प्रश्न विचारला, तुझ्याच शब्दांत. "जाळी कधी धुवाची? त्या दिवशी उत्तर राह्यलं होतं. आता द्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हता, हे लिहायला मला त्रास होतो. ते म्हणाले, "जाळी ही शरीराच्या दृष्टीने जखमच असते. शरीर तिच्यावर आतून नवं अस्तर धरतं, तिला आपली करून घेतं. ते चांगलंच असतं. पण काही लोकांत ते अस्तर थांबत नाही, वाढतच जातं, जाळीच्या भोकांतून आत येतं आणि वाट पुन्हा अरुंद होते. व्हायचं असेल तर बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतं."

पानी तिले आपली समजते. तू गाठ मारत म्हणाला होतास ते हा माणूस खुर्चीत बसून म्हणत होता.

"हे त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"प्रत्येकाला सांगितलं तर लोक घाबरतात."

"घाबरनारा मानूस असं विचारते का साहेब? त्यानं विचारलं होतं. तुम्ही हासले."

मी म्हणालो, आता माझ्या मोठीआईसाठी लिहून द्या, मराठीत, सही करून. त्यांनी लिहिलं. खाण्यापिण्यामुळे, कामामुळे किंवा घरच्यांच्या चुकीमुळे जाळी आतून बुजत नाही, रुग्णाच्या पत्नीचा यात काही दोष नाही. लिहिता लिहिता एवढं म्हणाले, "वाट आधीच बुजलेली असताना अंगावर ताण पडला तर मात्र झटका येऊ शकतो. पण बुजण्याचं कारण ते नव्हे." ते वाक्य त्यांनी लिहिलं नाही, मीही लिहायला लावलं नाही.

कागद हातात देताना त्यांनी विचारलं, "पण दुखायला लागल्यावर आणलं का नाही? खाली लिहिलेलं असतं. वेळेत आले असते तर फुगा घालून वाट पुन्हा मोकळी करता आली असती, नाहीतर बायपास होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही का?"

"नाई," मी ताठ मानेने म्हणालो. "मले सांगतलं असतं त मी दुसऱ्या गाडीनं आनलं असतं त्याले."

गावात आलो तो सरळ पाळीवर गेलो. सोसायटीचे लोक जाळ्या वाळवत होते. मी तो कागद अध्यक्षांच्या हातात दिला आणि म्हणालो, मोठ्यानं वाचा. त्यांनी चष्मा नसल्याचं सांगितलं. मी म्हणालो, अक्षरं मोठी आहेत. त्यांनी वाचलं, अडखळत. 'रुग्णाच्या पत्नीचा' या शब्दांवर ते थांबले, मी पुन्हा वाचायला लावलं. माझ्या दुप्पट वयाचा माणूस. खाली मान घालून त्यांनी कागद परत दिला. त्या घटकेला मला जेवढं गोड वाटलं तेवढं आयुष्यात कधी वाटलं नाही, तुझ्याजवळ खोटं कशाला बोलू?

घरी मोठीआई चुलीपाशी होती. मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टरांचं तोंड कसं पडलं ते, अध्यक्षांचं कसं पडलं ते.

"झालं तुह्यं?" ती म्हणाली.

"एक राह्यला आहे. मोठेबाचं दुखत होतं हे कोनाले मालूम होतं ते सांग. त्यानं कोनाले त सांगतलं असन."

ती उठली. फळीवरून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत वाळवलेले झिंगे होते आणि वर सुकवलेल्या मासोळीचे चार तुकडे.

"हे घेऊन जा चंद्रपूरले. तुह्या वाट्याचे."

"माह्या वाट्याचे कोनते?"

"तूच त सांगून धाडलं होतं. कंडक्टरजवळ."

तिने मला ते सांगायला फार वेळ घेतला नाही. ती म्हणाली, "तुले त्यानं निरोप धाडला होता ना. शब्दही तुहेच होते. भरली त सांगजो म्हनला होतास तू. मंग तुहा निरोप आला, का प्रॅक्टिकल झालं का येतो, माह्या वाट्याची मासोळी वाळवून ठेवा. तो इथीच बसला होता. हासला. म्हने, 'पोराले टोपलीवाली समजली.' मी म्हनलं, पुन्हा धाडा निरोप, नीट सांगून. म्हने, 'परीक्षा होऊ दे त्याची. चार दिवसानं काही नाई होत. पन वाटा त पाह्यजे ना? येईन त काय देशीन त्याले?' अन् दोन दिवसानं, दिवस बुडता, डोंगा घेऊन गेला. मी धरलं होतं हाताले. सोडवून गेला."

तू लावलेली ती जाळी तिने त्याच दिवशी काढून आणवली होती. त्यात जे होतं ते वाळवलं होतं. माझ्यासाठी.

"मंग तेरवीत काऊन नाई बोललीस?"

"काय बोलू? तू सगळ्यायच्या समोर उभा राहून म्हनलास ना, सोडनार नाई म्हून." तिने डब्याचं झाकण लावलं. "लोकं चार दिवस मले बोलतीन, मंग विसरतीन. तुले शिकाचं आहे अजून."

म्हणून ती लिहू नको म्हणते, मोठेबा. मी ऐकलं नाही. पंगतीत मी शब्द दिला होता, आणि पंगतीतले लोक हा अंक वाचणार नाहीत म्हणून सोसायटीच्या भिंतीवर मी हा लेख लावणार आहे. अध्यक्षांनी वाचावा. चष्मा लावून.

तुझ्या दुखण्याची बातमी मला उशिरा कळली नव्हती. तू गेलास त्याच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, चंद्रपूरच्या स्टँडवर कळली होती. मी दोन मित्रांबरोबर पोहे खात होतो. आपल्या गावची गाडी लागली आणि कंडक्टरने दारातून वाकून मला हाक मारली. त्या भल्या माणसाला 'भरली'चा एकच अर्थ ठाऊक. त्याने तो शब्द लांबवला, वर उचलला, अगदी टोपलीचा आवाज. पाच महिने तू डोंग्यात बसला नव्हतास, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी मित्रांना म्हणालो, आता सुट्टीत चला, मासोळी खाऊ घालतो. तोंडात पोहे असतानाच मी माझा निरोप दिला, आणि आनंदाची गोष्ट होती म्हणून संध्याकाळपर्यंत विसरूनही गेलो. त्या कंडक्टरचे शब्द आता मी पाळीवर उभा राहून दोन्ही आवाजांत म्हणून पाहतो.

"अगा ए प्रोफेसर! तुह्या मोठ्या बापाची जाळी भरली म्हनते! लवकर ये म्हनला!"